देवपुरात प्लॉट विकून द्यायचे असतील, तर आधी रेरा नंबर

'आप्पा, नकाणे रोडले एखादा प्लॉट शे का?' धुळ्याच्या देवपुरात हा प्रश्न चहाच्या टपरीवर, शाळेच्या फाटकापाशी, लग्नाच्या पंगतीत कुठेही ऐकू येतो. ज्याला विचारला जातो तो बहुतेक वेळा पूर्णवेळ दलाल नसतो. कुणी विम्याचं काम करतो, कुणाचं झेरॉक्सचं दुकान असतं, कुणी सेवानिवृत्त झालेला असतो. त्याच्या ओळखीत एक विकणारा आणि एक घेणारा असतो. तो दोघांची गाठ घालून देतो, विसार ठरतो, खरेदीखत होतं आणि त्याचा टक्का त्याला मिळतो. धुळ्यात कित्येक कॉलन्या अशाच उभ्या राहिल्या.

आज मात्र एवढी गाठ घालून देणं हेसुद्धा कायद्याच्या कक्षेत येतं. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६, म्हणजे सगळे ज्याला 'रेरा' म्हणतात तो कायदा, १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. त्याच दिवसापासून महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचं, म्हणजेच महारेराचं, कामकाज सुरू झालं. एजंट कोण, याची या कायद्यातली व्याख्या फार रुंद आहे. मोबदला घेऊन, कोणत्याही माध्यमातून, खरेदीदार आणि विक्रेता यांची ओळख करून देणारा तो एजंट. त्याला दलाल म्हणा, मध्यस्थ म्हणा, प्रॉपर्टी डीलर म्हणा. नावाने फरक पडत नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्लॉटचा फोटो टाकून 'संपर्क करा' लिहिणारा आणि त्यावर दलाली घेणाराही त्यात बसतो.

ज्यांना देवपूर, वलवाडी, नगावबारी या पट्ट्यात हे काम करायचं आहे, किंवा जे ते आधीपासून नोंदणीविना करत आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. सुरुवातीलाच सांगतो, नंबर मिळवणं अवघड नाही. नंबर मिळाल्यावर कोणत्या प्लॉटला हात लावायचा नाही, हे ओळखणं अवघड आहे. म्हणून लेखाचा मोठा भाग त्याच्यावर आहे.

नोंदणी कुणाला लागते, कुणाला नाही

कलम ९ प्रमाणे, प्रवर्तक विकत असलेल्या प्रकल्पातला प्लॉट, फ्लॅट किंवा इमारत विकून द्यायची किंवा घेऊन द्यायची असेल, तर एजंटची नोंदणी लागते. प्रवर्तक म्हटलं की मोठा बिल्डर डोळ्यांसमोर येतो. पण स्वतःच्या शेताचा ले-आऊट पाडून प्लॉट विकणारा शेतकरीही या कायद्यात प्रवर्तकच ठरतो. आपल्याकडे ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही.

जुन्या घराची फेरविक्री, म्हणजे एका कुटुंबाने राहतं घर दुसऱ्याला विकणं, या कलमात येत नाही. भाड्याने घर मिळवून देणंही येत नाही. शेतजमीन शेती म्हणूनच विकली जात असेल, तर तीही नाही. तेव्हा एखादा माणूस फक्त भाड्याची आणि जुन्या घरांची कामं करत असेल, तर त्याला नंबरवाचून कायदा अडवत नाही. पण देवपुरात आजचा खरा बाजार नव्या ले-आऊटचा आहे. साक्री, शिंदखेडा, शिरपूरकडची कुटुंबं मुलांच्या शिक्षणासाठी धुळ्यात येतात. एसएसव्हीपीएस आणि जयहिंद महाविद्यालयांच्या परिसरात आधी भाड्याने राहतात आणि मग प्लॉट बघू लागतात. त्यांना जे दाखवलं जातं ते नव्या ले-आऊटमधलंच असतं. त्यामुळे 'मी फक्त रिसेल करतो' असं म्हणणाऱ्याचं काम वर्षभरात नव्या प्लॉटांकडे वळतंच.

आता हा हिशेब समजून घ्या, कारण गावात सगळ्यात जास्त गैरसमज याच जागी आहे. प्रकल्पाची नोंदणी कधी लागते? प्लॉटिंगसाठी पहिली अट क्षेत्रफळाची, म्हणजे जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असणं. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. पाच गुंठे झाले की ५०५ च्या पुढे आकडा जातो. म्हणजे अवघ्या पाच गुंठ्यांचे तुकडे पाडून विकायला काढले तरी मर्यादा ओलांडली गेली. एक एकराचा ले-आऊट म्हणजे चार हजार चौरस मीटरच्या वर. 'आमचं छोटं काम आहे, आम्हाला रेरा लागत नाही,' असं कुणी म्हणालं, तर त्याच्याकडे गुंठे किती आहेत ते विचारा.

दुसरी अट नियोजन क्षेत्राची. महापालिकेची हद्द त्यात येते, यात शंका नाही. आणि २०१८ मध्ये धुळे महापालिकेच्या हद्दीत आजूबाजूची ११ गावं आली. वलवाडी, नकाणे, भोकर, महिंदळे, अवधान ही त्यातलीच. ज्या वलवाडी शिवाराला लोक अजून 'गावठाण भाग' समजतात, ती जमीन आज महापालिकेत आहे. 'हे तर ग्रामपंचायतीचं' हा जुना बचाव तिथे चालत नाही.

नंबर न घेता काम केलं तर काय होतं, तेही आकड्यांत बघा. कलम ६२ प्रमाणे दिवसाला १० हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि तो ज्या मालमत्तेचा व्यवहार करून दिला तिच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत चढू शकतो. समजा १५ लाखांचा प्लॉट एक टक्का दलालीवर करून दिला. हातात १५ हजार आले. दंडाची कमाल मर्यादा ७५ हजार, आणि दिवसाला १० हजारांच्या हिशेबाने ती आठव्या दिवशी गाठली जाते. उलट वैयक्तिक नोंदणीची फी १० हजार रुपये आहे आणि नोंदणी पाच वर्षं चालते. वर्षाला दोन हजार पडले. एका सौद्याच्या दलालीत ते निघतात.

प्रशिक्षण आणि परीक्षा

२०१७ ते २०२३ या काळात फी भरून, कागद जोडून एजंटला नंबर मिळत असे. कायदा वाचलेला असावा अशी सक्ती नव्हती. त्यातून फार नुकसान झालं. ज्याला चटई क्षेत्र म्हणजे काय हे सांगता येत नाही, तोच माणूस आयुष्याची पुंजी घेऊन आलेल्या शिक्षकाला फ्लॅट दाखवत होता. जानेवारी २०२३ मध्ये महारेराने आदेश काढून प्रशिक्षण आणि सक्षमता प्रमाणपत्र बंधनकारक केलं. मुदत दोनदा वाढवावी लागली आणि १ जानेवारी २०२४ पासून प्रमाणपत्राशिवाय नवी नोंदणी आणि नूतनीकरण दोन्ही थांबलं. जुन्या एजंटांनाही सूट मिळाली नाही. वीस वर्षं धंद्यात असलेल्यालाही परीक्षा द्यावी लागली, आणि माझ्या मते ते योग्यच झालं. अनुभव असलेल्या माणसालाही नवा कायदा आपोआप कळत नाही.

ज्यांनी हे मनावर घेतलं नाही, त्यांचं काय झालं? २०२४ च्या अखेरीस महारेराने राज्यातल्या सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी प्रमाणपत्र नसल्यामुळे स्थगित केली. तेव्हा तुमच्याकडे २०१८-१९ चा जुना नंबर असेल, तर तो आज चालू आहे का, हे महारेराच्या संकेतस्थळावर आजच पाहून घ्या. दुकानाच्या पाटीवर बंद पडलेला नंबर रंगवून बसणं हे नंबर नसण्यापेक्षा वाईट, कारण त्यात ग्राहकाची फसवणूकही मिसळते.

प्रशिक्षण २० तासांचं असतं आणि महारेराने मान्यता दिलेल्या संस्थेकडूनच घ्यावं लागतं. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था, नरेडको, क्रेडाईच्या काही शाखा अशा संस्था हे वर्ग घेतात. ऑनलाइन वर्गही असतात, त्यामुळे धुळ्याहून मुंबईला मुक्काम टाकण्याची गरज नाही. मान्यताप्राप्त संस्थांची यादी संकेतस्थळावर असते. तिथे नाव नसलेल्या कुणालाही पैसे देऊ नका. 'प्रमाणपत्रासकट पॅकेज' विकणारे गावोगाव फिरतात, त्यांच्यापासून विशेष सावध राहा.

परीक्षा ऑनलाइन, वस्तुनिष्ठ प्रश्नांची, आणि ती घेते आयबीपीएस, म्हणजे बँक भरतीच्या परीक्षा घेणारी संस्था. २० मे २०२३ ला झालेल्या पहिल्या परीक्षेला ४२३ जण बसले आणि ४०५ उत्तीर्ण झाले. म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. पण प्रशिक्षणाचे वीस तास मोबाइल चालू ठेवून दुसऱ्या कामात घालवू नका. प्रकल्पाची नोंदणी, एजंटची कर्तव्यं, विक्री करारनाम्यातल्या अटी, चटई क्षेत्राचा हिशेब, तक्रारीची पद्धत हे सगळं पुढे रोज लागणार आहे. ज्यांचं वाचन सुटलं आहे त्यांनी मूळ कायद्याची कलमं २ ते १९ तरी आधी मराठीत वाचावीत. एजंटच्या कामाचा बराचसा भाग तेवढ्यात आहे.

अर्ज

प्रमाणपत्र हाती आल्यावर महारेराच्या संकेतस्थळावर एजंट म्हणून खातं उघडायचं आणि नमुना 'जी' मधला अर्ज भरायचा. पॅन, आधार, छायाचित्र, व्यवसायाच्या जागेचा पुरावा, आयकर विवरणपत्रं किंवा विवरण लागू नसल्यास तसं घोषणापत्र, असल्यास खटल्यांची माहिती, एवढी तयारी ठेवा. तुमचं लेटरहेड, रबरी शिक्का, पावती यांचे नमुनेही जोडावे लागतात. म्हणून आधी व्यवसायाचं नाव नक्की करा, मगच शिक्का बनवा. एका नावाने अर्ज आणि दुसऱ्या नावाची पाटी असा घोळ पुढे प्रत्येक कागदावर निस्तरावा लागतो.

एकट्याने काम करणार असाल तर फी १० हजार. भागीदारी संस्था, एलएलपी किंवा कंपनी काढलीत तर १ लाख. त्यामुळे दोन मित्रांनी मिळून लगेच भागीदारी संस्था काढण्याची घाई करू नये. आधी दोघांनी आपापली वैयक्तिक नोंदणी करावी, काम जमलं तर वर्ष-दोन वर्षांनी बघावं. संस्थेच्या नावाने नोंदणी असली तरी ग्राहकाशी बोलणाऱ्या माणसांना प्रशिक्षण आणि परीक्षा टळत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. अर्ज स्वतः भरा. सेतू केंद्रावर किंवा सीएच्या कार्यालयात बसून मदत घ्यायला हरकत नाही, पण मोबाइल क्रमांक आणि ई-मेल तुमचाच द्या. दुसऱ्याच्या मोबाइलवर ओटीपी जात असेल, तर तुमचं खातं त्याच्या हातात आहे. त्रुटी निघाली तर सूचना त्याला जाईल, तक्रार आली तर नोटीसही त्यालाच कळेल, आणि तुमच्या नावाने काय भरलं गेलं ते तुम्हाला शेवटी समजेल.

नोंदणी मंजूर झाली की नमुना 'एच' मध्ये प्रमाणपत्र मिळतं. ते व्यवसायाच्या जागी दिसेल असं लावायचं. एजंटचा क्रमांक 'ए' या अक्षराने सुरू होतो आणि प्रकल्पाचा 'पी' ने. ग्राहकाला हा फरक सांगत जा. काही जाहिरातींत एजंटचा नंबर छापून 'रेरा मंजूर' असं लिहिलेलं असतं आणि लोक तो प्रकल्पाचा नंबर समजतात.

हात कशाला लावायचा नाही

कलम १० मध्ये एजंटची कर्तव्यं आहेत आणि त्यातलं पहिलंच असं की नोंदणी नसलेल्या प्रकल्पातला प्लॉट विकायला मदत करायची नाही. तुमचा नंबर चालू असला तरी नाही. वर्षानुवर्षं ओळखीचा शेतकरी असला तरी नाही. 'नंबरसाठी अर्ज केलाय, आठ दिवसांत येतोय, तोवर टोकन घेऊन ठेव' असं तो म्हणाला तरीही नाही. देवपुरात एजंट अडकतो तो याच जागी, कारण नकार द्यायचा असतो तो भाऊबंदाला किंवा गाववाल्याला.

म्हणून प्लॉट दाखवायला नेण्याआधी प्रकल्पाचं पान उघडायची सवय लावा. संकेतस्थळावर नंबर टाका आणि एकेक बाब बघा. गट क्रमांक आणि शिवाराचं नाव जागेवर सांगितलं तेच आहे का. प्रकल्प पूर्ण करण्याची तारीख उलटून गेली आहे का. वकिलाचा मालकी हक्काचा अहवाल जोडलेला आहे का, आणि त्यात बोजा किंवा दावा लिहिला आहे का. ले-आऊटचा मंजूर नकाशा आहे का. किती प्लॉट विकले गेले म्हणून दाखवले आहेत. तुम्ही जो प्लॉट क्रमांक २३ विकायला निघालात, तो तिथे आधीच विकलेला दिसत असेल, तर पुढे एक शब्दही बोलू नका. विकासकाने दर तिमाहीला माहिती भरायची असते. ती वर्षभर भरलेली नसेल, तर त्याचं कारण त्यालाच विचारा.

मग नकाशा छापून जागेवर जा. चुन्याच्या फक्कीने आखलेले रस्ते आणि कोपऱ्यांवर रोवलेले दगड नकाशाशी ताडून बघा. ओपन स्पेस कुठे दाखवली आहे ते आधी शोधा. एकराच्या आसपास आणि त्याहून मोठ्या ले-आऊटमध्ये दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. विकासकाचे प्लॉट संपत आले की याच मोकळ्या जागेचे तुकडे 'कॉर्नरचा, स्वस्तात' म्हणून बाजारात येतात. घेणाऱ्याला खरेदीखत मिळतं, त्यावर घराचं स्वप्न उभं राहतं, आणि बांधकाम परवानगी मागायला गेल्यावर कळतं की तो प्लॉट नकाशात नाहीच. अशा प्लॉटमागे एखाद्या एस.टी. चालकाची निवृत्तीची सगळी रक्कम असते. ती त्याला परत मिळवून देणं तुमच्या हातात नसतं. प्लॉट दाखवण्याआधी नकाशा उघडणं मात्र तुमच्या हातात असतं.

ले-आऊट टेंटेटिव्ह आहे की फायनल, हेही विचारा. तात्पुरत्या मंजुरीनंतर रस्ते, गटारी, विजेचे खांब व्हायचे असतात आणि मग अंतिम मंजुरी मिळते. भूमी अभिलेख कार्यालयाकडून कमी-जास्त पत्रक (कजाप) होऊन प्रत्येक प्लॉटचा सातबारा वेगळा निघाला की घेणाऱ्याचं नाव स्वच्छ लागतं. कजाप झालेलं नसेल तर तसं ग्राहकाला तोंडी नको, लिहून सांगा.

सातबाऱ्यावर तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा, कारण खान्देशात वाद त्यांच्यातूनच निघतात. भोगवटादार वर्ग २ असा शेरा असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही. जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे बिगर आदिवासीला ती देण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. साक्री आणि शिरपूरकडच्या जमिनींचं काम करणाऱ्यांनी हे पाठच करून ठेवावं. आणि तिसरं, वारसांची नावं. वडिलोपार्जित जमिनीत २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. 'बहिणी काही म्हणणार नाहीत' हे भावाचं वाक्य कागद होत नाही. हक्कसोड पत्र नोंदलेलं आहे का, फेरफार झाला आहे का, ते बघा.

शेतातले एक-दोन गुंठे नोटरीवर किंवा शंभराच्या स्टॅम्पवर विकण्याची जुनी पद्धतही अजून चालू आहे. तुकडेबंदी कायद्याप्रमाणे आपल्या जिल्ह्यात बागायतीसाठी १० गुंठे आणि जिरायतीसाठी २० गुंठे असं प्रमाणभूत क्षेत्र २०२३ मध्ये ठरवलं गेलं. २०२५ मध्ये नागरी भागातले जुने छोटे व्यवहार नियमित करण्याच्या दिशेने सरकारने पावलं टाकली, त्याचा दिलासा जुन्यांना आहे. त्यावरून नवे तुकडे विकायला मोकळीक मिळाली असा अर्थ कुणी काढू नये. आणि शेती म्हणून जमीन विकत घ्यायची, तर घेणारा शेतकरी असावा लागतो, हेही ग्राहकाला पहिल्याच भेटीत विचारा.

बोलणं आणि पैसे

खोटं किंवा दिशाभूल करणारं सांगून विक्री करणं ही कलम १० प्रमाणे अनुचित प्रथा आहे. आपल्याकडे याचं ताजं उदाहरण म्हणजे रेल्वे. मनमाड ते इंदूर या ३०९ किलोमीटरच्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. मार्ग धुळ्यातून जातो, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्यानंतर धुळ्याच्या चारही बाजूंचे प्लॉट 'स्टेशनजवळ' झाले. स्टेशन नेमकं कुठे, भूसंपादन कोणत्या गटात, याचा सरकारी कागद हातात नसेल, तर तो विषय काढू नका. ग्राहकाने विचारलंच, तर मंजुरी झाली एवढं सांगा आणि थांबा. 'दोन वर्षांत दुप्पट' हे वाक्य तर एजंटच्या तोंडी कधीच येऊ नये.

जाहिरातीतही तेच. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांकाबरोबर क्यूआर कोड लागतो. विकासकाने दिलेलं पत्रक तुम्ही व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवत असाल, तर त्यातला कोड कापला गेलेला नाही ना, हे बघा. आपला 'ए' नंबरही त्यावर टाका.

पैशाच्या बाबतीत नियम थोडे आहेत, पण ते मोडले तर महाग पडतात. करारनामा नोंदण्याआधी विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. टोकन, बुकिंग, विसार, काहीही नाव द्या, मर्यादा तीच. ही रक्कम स्वतःच्या खात्यावर घेऊ नका. ग्राहकाकडून थेट प्रकल्पाच्या खात्यात जाऊ द्या आणि पावती विकासकाची असू द्या. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे. ज्याच्या हातातून नोटा गेल्या त्याच्याकडेच पुढे सगळे बोट दाखवतात, आणि तो बहुतेक वेळा एजंट असतो.

दलाली किती घ्यायची हे रेराने ठरवून दिलेलं नाही. म्हणून ती आधीच, लेखी ठरवा. कुणाकडून किती, कधी मिळणार, व्यवहार मोडला तर काय, आणि दोन्ही बाजूंकडून घेणार असाल तर तसं दोघांनाही माहीत असेल, हे एका कागदावर आणा. घरगुती संबंधात कागद मागायला संकोच वाटतो, पण खरेदीखत झाल्यावर दलालीवरून होणारी भांडणं बघितली तर तो संकोच परवडत नाही. विकासकाकडून येणाऱ्या दलालीतून टीडीएस कापला जातो, त्याचा हिशेब ठेवा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे जाऊ लागली, की जीएसटी नोंदणी आणि मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखालच्या जबाबदाऱ्या दोन्ही लागू होतात. त्या वेळी सीएकडे जाणं टाळू नका.

प्रत्येक व्यवहाराची वेगळी फाइल ठेवणं ही कायद्याचीही अपेक्षा आहे. हिशेबाच्या वह्या आणि नोंदी ठेवणं हे एजंटचं कर्तव्य म्हणून कलम १० मध्ये लिहिलेलं आहे. प्रकल्पाच्या पानाची त्या दिवशीची प्रत, नकाशा, सातबारा, ग्राहकाला कोणते कागद दिले त्याची त्याच्या सहीची यादी, पावत्या. बुकिंगच्या वेळी ग्राहकाला हक्काने मिळणारी सगळी माहिती आणि कागद मिळतील हे बघणंही तुमचंच काम आहे. ग्राहक विकासकाविरुद्ध जशी महारेराकडे तक्रार करू शकतो, तशीच एजंटविरुद्धही करू शकतो. त्या दिवशी ही फाइलच तुमच्या बाजूने बोलते. फसवणूक करून नोंदणी मिळवली किंवा अटी मोडल्या असं सिद्ध झालं, तर नोंदणी रद्द होते.

जे तरुण आत्ता या कामात येऊ पाहताहेत, त्यांना एवढंच सांगणं आहे. पहिला सौदा हाताशी आला म्हणून नंबर घ्यायला धावू नका, उलट क्रमाने चला. या महिन्यात महारेराच्या संकेतस्थळावर मान्य संस्थांची यादी बघून प्रशिक्षणाला नाव नोंदवा, परीक्षा द्या, अर्ज करा. नंबर येईपर्यंतचा वेळ वाया जात नाही. त्या काळात देवपूर आणि वलवाडीतल्या नोंदणीकृत प्रकल्पांची पानं एकेक करून वाचून काढा, जागेवर जाऊन नकाशे ताडून बघा. आणि आज ज्यांच्याकडे नंबर नाही, पण एखाद्या नव्या ले-आऊटचा सौदा चालू आहे, त्यांनी तो नोंदणीकृत एजंटकडे किंवा थेट विकासकाकडे सोपवून बाजूला व्हावं. त्या व्यवहाराची दलाली सोडून द्यावी.